भारतीय गाडीचं एचओ मॉडेल आणि न मिळणारे सुटे भाग

एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:87.1 मापाचं मॉडेल. त्यात डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाची बॉडी प्लास्टिक शीट कापून जमते, छापून घेतली तरी जमते. रंग, आकडे, पट्टे हेही होतं. काम अडतं ते बारीक सामानावर: टोकाला धक्का झेलणारे चार बफर, टोकाच्या हवेच्या नळ्या, हॉर्न, कपलिंग आणि बोगीच्या बाजूच्या फ्रेमा. ‘भारतीय बफर’ असं लिहिलेली पुडी दुकानात मिळत नाही. तरीही हे भाग जगात आहेत. ते दुसऱ्या देशाच्या गाडीच्या नावाने विकले जातात, किंवा कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये अर्ध्या स्प्रूवर, म्हणजे भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, उरलेले असतात. ते शोधायचे कसे, एकमेकांना द्यायचे कसे आणि मिळालेच नाहीत तर बनवायचे कसे, एवढंच इथे मांडतो आहोत.

एक खुलासा आधी. आपल्याकडे बोलताना बोगी म्हणजे डबा. इथे बोगी म्हणजे डब्याखालचा किंवा इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. परदेशी याद्यांमध्ये याला अमेरिकन लोक ‘ट्रक’ म्हणतात आणि ब्रिटिश लोक ‘बोगी’. शोधताना दोन्ही शब्द घालून बघा, निकाल वेगवेगळे येतात.

नाव नको, माप शोधा

शोध फसतो तो बहुतेक वेळा इथेच. ‘इंडियन रेल्वे एचओ बफर’ असं शोधून हाती काही लागत नाही. खऱ्या गाडीचं माप मिलिमीटरमध्ये घ्या, 87.1 ने भागा आणि आलेला आकडा घेऊन शोधा.

आयसीएफ या आपल्या जुन्या धाटणीच्या प्रवासी डब्याचं नवं चाक 915 मिमी व्यासाचं. भागिले 87.1 केलं की 10.5 मिमी. अमेरिकन एचओमधलं 36 इंची चाक नेमकं एवढंच असतं, कारण 36 इंच म्हणजे 914 मिमी. म्हणजे आयसीएफसाठी अमेरिकन 36 इंची चाकं डोळे मिटून घ्या. 33 इंची घेऊ नका, ती 9.6 मिमीची असतात आणि डबा खाली बसलेला दिसतो. बीओएक्सएन या उघड्या मालवाघिणीचं चाक 1000 मिमीचं, म्हणजे 11.5. त्याला युरोपियन 11 मिमीचं चाक जवळचं पडतं.

डब्ल्यूडीएम-2 हे अमेरिकेच्या अ‍ॅल्को कंपनीचं डीएल560सी. 1962 पासून ही इंजिनं तिथून आली आणि 1964 पासून वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बनू लागली. मॉडेल करणाऱ्याला हा इतिहास पैशात मोजता येतो, कारण खालची तीन आसांची बोगी अ‍ॅल्कोची ट्रायमाउंट आहे. तिच्यात आसांमधली अंतरं असमान असतात. आरएसडी-15 किंवा सी-628 या अमेरिकन इंजिनांच्या एचओ मॉडेलमधल्या बाजूच्या फ्रेमा म्हणूनच आपल्याला चालतात. सी-636 च्या फ्रेमा घेऊ नका, त्या इंजिनाखाली हाय-अ‍ॅडहिजन नावाची वेगळी बोगी होती.

फ्रेमा मिळाल्या तरी दोन गोष्टी बघाव्या लागतात. अमेरिकन चाक 40 इंची, म्हणजे एचओमध्ये 11.7 मिमी, आणि आपलं 1092 मिमीचं, म्हणजे 12.5 मिमी. शक्य असेल तर चाकं बदला, नाहीतर बॉडी 0.4 मिमीने वर घ्या. दुसरी गोष्ट रुंदीची. आपली ब्रॉडगेज 1676 मिमी, एचओमध्ये 19.2 मिमी, पण आपण चालवतो 16.5 मिमीच्या रुळावर. चाकं आत आली म्हणून फ्रेमाही आत आल्या तर समोरून इंजिन पाय जुळवून उभं राहिल्यासारखं दिसतं. प्रत्येक फ्रेममागे साधारण 1.4 मिमीची प्लास्टिकची पट्टी लावून ती बाहेर काढा. रूळ अरुंद असल्याचं मग चटकन लक्षात येत नाही.

डब्यांचंही असंच. आयसीएफचं मूळ डिझाइन स्वित्झर्लंडच्या श्लीरेनचं, म्हणून ऑस्ट्रियन ‘श्लीरेनवागेन’च्या मॉडेलच्या बोगीत ओळखीची ठेवण दिसते. आपल्या आयसीएफ बोगीत दोन आसांमधलं अंतर 2896 मिमी आहे, एचओमध्ये 33.2 मिमी. हातातली बोगी कॅलिपरने मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्याची फियाट बोगी 2560 मिमीची, म्हणजे 29.4 मिमी. तिच्यासाठी फियाट बोगीच्या युरोपियन डब्यांकडे बघा. वाघिणीच्या कॅसनब बोगीत मात्र फसगत होते. ती दिसते अगदी अमेरिकन तीन-तुकडी बोगीसारखी, पण तिचं अंतर 2000 मिमी म्हणजे 23 मिमी आहे, आणि अमेरिकन 100 टनी बोगीचं 5 फूट 10 इंच म्हणजे 20.4 मिमी. अडीच मिलिमीटरचा हा फरक लांब मालगाडीत प्रत्येक वाघिणीवर दिसतो. कॅसनब बनवूनच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बफर

आपल्या ब्रॉडगेजवर दोन बफरांच्या केंद्रांमधलं अंतर 1956 मिमी. मॉडेलमध्ये 22.5 मिमी. युरोपात ते 1750 मिमी, म्हणजे 20.1. युरोपियन मॉडेलची अख्खी बफर-पट्टी कापून बसवली तर बफर दोन्ही बाजूंनी सव्वा मिलिमीटर आत येतात आणि गाडीचा चेहराच बदलतो. पट्टी स्वतःची करा आणि बफर सुटे आणा.

रुळापासून बफरच्या केंद्राची उंची रिकाम्या गाडीत जास्तीत जास्त 1105 मिमी आणि भरलेल्या गाडीत कमीत कमी 1030. मॉडेलमध्ये 12.7 ते 11.8. आम्ही सगळीकडे 12.5 धरतो.

तबकडीसाठी एक उपयोगी हिशेब. 18 इंची तबकडी एचओमध्ये 5.25 मिमी होते. ब्रिटिश ओओ सामान 1:76.2 चं असतं, त्यात 16 इंची बफरची तबकडी 5.33 मिमीची येते. म्हणजे ब्रिटिश डब्यांसाठीचा 16 इंची ओओ बफर आपल्याकडे 18 इंची म्हणून बसतो. ब्रिटनमध्ये बफरांचे वळण, पाया आणि बोल्टांची रचना यांत पुष्कळ प्रकार मिळतात, त्यामुळे फोटोशी जुळणारा निवडता येतो. ओओ सामान ‘मोठं असतं’ म्हणून सरसकट टाकून देऊ नका. प्रत्येक भागाचं माप स्वतंत्र तपासा.

कपलिंगची उंची आधी ठरवा

सीबीसी, म्हणजे मधोमध असणाऱ्या कपलिंगसाठी, बहुतेक जण केडी या अमेरिकन कंपनीचं कपलिंग घेतात. 5 क्रमांकाचं डोकं थोराड दिसतं, 158 चं प्रमाणशीर असतं. पण अमेरिकन एचओमध्ये कपलिंगची उंची रुळापासून 25/64 इंच, म्हणजे 9.9 मिमी. आपल्याकडे सीबीसी बफरच्याच उंचीवर असतं, म्हणजे साडेबारा मिमीच्या आसपास. खरी उंची धरली की केडीचा उंची मोजायचा गेज निरुपयोगी ठरतो आणि परदेशी गाडी जोडता येत नाही. अमेरिकन उंची धरली की कपलिंग बफर-पट्टीच्या खाली लोंबतं. ज्यांच्याबरोबर गाड्या जोडून चालवायच्या आहेत त्यांनी मिळून एकच उंची ठरवा आणि पितळी पट्टीचा एक गेज करून प्रत्येकाला द्या. हे ठरण्याआधी कपलिंग वाटली तर पुढे सगळ्यांना कपलिंग बसवायचं पॅड कापत बसावं लागतं.

बंद पडलेल्या कंपनीचा माल

भाग बंद झाला असं कळलं की लगेच हार मानू नका. साचे बहुतेक वेळा विकले जातात. कॅल-स्केलची पितळी ओतीव सामग्री आज बाउझरकडे आहे. ग्रँड्ट लाइनचे बारीक प्लास्टिक भाग सॅन हुआन कंपनीकडे गेले. जुना भाग क्रमांक तोच ठेवून पुढचं नाव बदललेलं असतं, म्हणून आधी नुसत्या क्रमांकाने शोधा, मग जुन्या नावाने आणि शेवटी नव्या नावाने. विकणाऱ्याने पुडीवर काय लिहिलंय ते वाचून टाइप केलेलं असतं आणि त्यात चुका असतात. फोटो मोठा करून पुडीवरचा क्रमांक स्वतः वाचा.

भाग सुटा मिळत नसेल तर तो लावलेलं मोडकं मॉडेल शोधा. मोटर जळालेलं, खोका नसलेलं इंजिन कधीकधी त्यातल्या दोन फ्रेमांच्या किमतीत मिळतं. घेताना बोगीच्या टोकांना बारीक भेगा किंवा फुगवटा आहे का, हे विचारा. जुन्या जस्ताच्या ओतीव भागांना आतून कीड लागल्यासारखं होतं, धातू भुसभुशीत होतो आणि त्यावर उपाय नाही. प्लास्टिकच्या भागात ही भीती नसते.

एकत्र मागवणं

बाहेरून मागवताना भागापेक्षा टपालखर्चच जास्त होतो. त्यात प्रमाणबद्ध मॉडेलं सीमाशुल्काच्या 9503 या शीर्षकाखाली खेळण्यांबरोबर येतात. खेळण्यांचं मूळ शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. सुट्या भागांना कोणता दर लागेल हे मागवण्याच्या दिवशी तपासून घ्या. ‘भेट म्हणून पाठव’ हा जुना मार्गही उरलेला नाही. डिसेंबर 2019 पासून टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफी राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली. खोटी किंमत लिहायला कुणालाही सांगू नका. पार्सल अडकलं तर सहा जणांचं सामान अडकतं.

म्हणून पाच-सहा जणांची मागणी एकत्र करा. मागणी एका तक्त्यात लिहा: भाग क्रमांक, कंपनी, स्केल, पुडीत किती नग, कुणाला किती हवेत, किती उरतात. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बफर पुडीत आठ येतात असं धरा. एका इंजिनाला चार लागतात, म्हणजे चार उरले. तक्ता नसेल तर ते चार कुणाच्या तरी डब्यात दहा वर्षं पडून राहतात आणि दुसरा माणूस तीच पुडी पुन्हा परदेशातून मागवतो. टपाल आणि शुल्क नगांवर वाटू नका, किमतीच्या प्रमाणात वाटा. नगांवर वाटलं तर दहा रुपयांचा बारीक भाग मागणाऱ्याला हजार रुपयांच्या फ्रेमेएवढा भार बसतो, आणि तो पुढच्या वेळी येत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नातेवाईक असतील तर माल त्यांच्या पत्त्यावर गोळा करून ते येताना सामानातून आणता येतो. पण पितळी भाग आणि चाकं जड असतात, किती किलो होणार ते त्यांना आधी सांगा.

जो भाग मिळतच नाही तो

हवेच्या नळ्या विकत घेऊच नका. खऱ्या नळ्या फोटोत मोजा. बीपी म्हणजे ब्रेक पाइप आणि एफपी म्हणजे फीड पाइप, दोन्ही पट्टीच्या दोन्ही बाजूंना असतात. मल्टिपल युनिटमध्ये, म्हणजे दुसऱ्या इंजिनाला जोडून एकाच चालकाकडून चालणाऱ्या इंजिनाला आणखी नळ्या असतात. निर्वात ब्रेकच्या काळातलं मॉडेल असेल तर बीपी-एफपी लावू नका, तिथे एकच जाड नळी येते. कालखंड चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही मॉडेल खोटं वाटतं.

नळीसाठी आवरणासकट 0.6 मिमी जाडीची एकतारी वायर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती मीटरवर मिळते. 14 मिमी तुकडा कापा, वरच्या टोकाचं 2 मिमी आवरण काढा. ते उघडं टोक पट्टीतल्या 0.5 मिमीच्या भोकात जाईल. खालच्या टोकाचंही 1.5 मिमी आवरण काढून तांबं चपट्या पक्कडीत दाबा, कपलिंगचा तळवा तयार होतो. आता पेन्सिलीवर हलका बाक द्या. आवरणाला रंग धरत नाही, म्हणून आधी प्लास्टिकचा प्रायमर मारा आणि मग मळकट काळा. पट्टीलगतच्या कॉकला, म्हणजे नळी बंद करायच्या तोटीला, बीपीसाठी हिरवा आणि एफपीसाठी पांढरा ठिपका. हाताने धरायच्या दांड्यांसाठी 28 गेजची तार, म्हणजे 0.37 मिमी, पुरेशी. फॉस्फर ब्राँझ मिळाली तर तीच घ्या. तांब्याची दांडी बोट लागलं की वाकते.

कॅसनब फ्रेम किंवा विशिष्ट हॉर्न यांच्यासाठी साचा करावा लागतो. थ्रीडी छापलेला मास्टर (ज्यावरून साचा काढतात तो मूळ नमुना) आणि सिलिकोन यांचं एक भांडण आहे, ते माहीत नसेल तर पहिला साचा वाया जातो. प्लॅटिनम प्रकारचं सिलिकोन अर्धवट सुकलेल्या यूव्ही रेझिनला लागलं की तिथे घट्टच होत नाही, चिकट राहतं. गंधक असलेली माती, लेटेक्सचे हातमोजे आणि टिन प्रकारचं सिलिकोन यांनीही असंच होतं. म्हणून मास्टर अल्कोहोलने धुवा, उन्हात किंवा दिव्याखाली पूर्ण सुकवा आणि वर अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर द्या. एवढी झंझट नको असेल तर टिन प्रकारचं सिलिकोन वापरा. ते थोडं आकसतं आणि साचा लवकर म्हातारा होतो, पण असं रुसत नाही.

साच्याला किती सिलिकोन लागेल ते कळण्यासाठी खोक्यात मास्टर ठेवून वर रवा ओता, मग तो रवा मापात मोजा. मास्टर नंतर ब्रशने झाडून घ्या. सिलिकोन वजनावर मिसळा, अंदाजाने नको. एका कोपऱ्यातून उंचावरून बारीक धारेने ओता म्हणजे बुडबुडे धारेतच फुटतात. बफर ओतताना तबकडी खाली ठेवा, नाहीतर तबकडीच्या कडेखाली हवा अडकते आणि नेमका दिसणारा भाग खड्ड्याखड्ड्यांचा येतो. तबकडीच्या मागच्या बाजूपासून वर दोन बारीक हवेच्या वाटा काढा.

ओतायचं पॉलियुरेथेन रेझिन पावसाळ्यात फेसाळतं. त्यातला आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये उघडलेली बाटली ऑगस्टमध्ये कामाची राहत नाही. लहान बाटल्या घ्या, झाकण लगेच लावा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा आणि शक्यतो ऑक्टोबरनंतर ओता. काम खिडकी उघडून, हातमोजे घालून करा.

पितळी भाग हवा असेल तर इमिटेशन दागिन्यांचं ओतकाम करणाऱ्याकडे जा. ते मेणाचे नमुने झाडाला लावतात तसेच आपले पन्नास हॉर्नही लावून देतात. दोन गोष्टी आधी विचारा. त्यांचा रबर साचा भट्टीत उष्णतेने पक्का होत असेल तर प्लास्टिकचा मास्टर त्यात वितळून जाईल. त्यांना पितळेचा मास्टर द्या किंवा थंड सिलिकोनचा साचा करायला सांगा. आणि शेवटी भाग किती आकसतो ते त्यांच्याकडून ऐकून घेण्यापेक्षा 50 मिमीची पट्टी एकदा ओतून मोजा. ती 48 आली तर मास्टर 50 भागिले 48, म्हणजे 1.042 पट मोठा करा. पन्नास नग एकदम ओतण्याआधी ही एक पट्टी ओतणं स्वस्त पडतं.

आजही बाजारात मिळणाऱ्या भागाचा साचा काढून वाटू नका. हे भाग करणारे उद्योग फार छोटे असतात, काही ठिकाणी एकच माणूस मशिनवर असतो. त्याची विक्री दोन डझनांनी घटली तरी तो साचा पुन्हा चालू करत नाही. स्वतः केलेल्या मास्टरच्या प्रती मात्र सढळ हाताने द्या आणि मास्टर दोन वेगळ्या घरी ठेवा.

पुडीवर काय लिहायचं

कुणाला भाग देताना तो स्प्रूवरून कापू नका. कापणाऱ्याला माहीत नसतं की तिसऱ्या टोकाला 0.4 मिमीची खुंटी आहे, आणि ती कचऱ्यात जाते. पुडीत चिठ्ठी ठेवा: कंपनी, क्रमांक, स्केल, नग, मिमीमधलं मुख्य माप आणि पदार्थ. पदार्थ लिहायला बरेच जण विसरतात आणि पुढे तिथेच नुकसान होतं. स्टायरीनला, म्हणजे मॉडेलच्या नेहमीच्या प्लास्टिकला, चिकटवायला सॉल्व्हंट लागतं. केडीच्या कपलिंगासारख्या गुळगुळीत अभियांत्रिकी प्लास्टिकला कुठलंच सॉल्व्हंट धरत नाही, ते अडकवून बसवावं लागतं. व्हाइटमेटलच्या बफरला साधा डाग द्यायला गेलात तर बफरच वितळतो, त्याला 70 अंशांना वितळणारं कमी तापमानाचं सोल्डर किंवा एपॉक्सी लागतं. पितळ आणि व्हाइटमेटल रंग दिल्यावर ओळखू येत नाहीत, म्हणून रंगवलेला भाग देताना तर नक्कीच लिहा.

फोटो पाठवताना भागाच्या शेजारी स्टीलची पट्टी ठेवा आणि मोबाइल सरळ वरून धरा. तिरका फोटो काढला की 22 चा 20 दिसतो. नाण्याशेजारी ठेवलेला फोटो दिसायला बरा, पण नाण्यांचे आकार बदलत आलेत, त्यावरून माप काढता येत नाही.

पुड्या पॉलिथिनच्या वापरा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात, वायरीच्या आवरणाला चिकटून किंवा रबर बँड गुंडाळून ठेवलेलं स्टायरीन काही महिन्यांत मऊ पडतं, कारण पीव्हीसीमधला मऊ करणारा द्रव त्यात शिरतो. चार बफर असेच एकमेकांना चिकटून एक गोळा होतात. पितळी भाग टिश्यूत गुंडाळून वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडी पत्र्याच्या छोट्या डबीत घाला. कुरियरच्या नुसत्या पाकिटात पाठवलेल्या स्प्रूची टोकं हटकून तुटतात, आणि तुटलेला 0.8 मिमीचा तुकडा पाकिटाच्या शिवणीत जाऊन बसतो. पाकीट फेकण्याआधी पांढऱ्या कागदावर झटकून बघा.